डोंबिवलीहून राजापूरला सामान आणलं, मूव्हर्सवाल्यांनी हायवेवर गाडी थांबवून जादा पैसे घेतले आणि एक खोका गायब. आता काय करता येईल?

कोंडवाडीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. बाबा रिटायर आहेत, मग उगाच भाड्याच्या घरात दिवस काढण्यापेक्षा आईबाबांनी गावच्या घरी कायमचंच राहायला जायचं ठरवलं. गाव राजापूर तालुक्यात, ओणीपासून आत. घर आधीच दुरुस्त करून घेतलेलं होतं, प्रश्न फक्त सामानाचा होता.

ऑनलाइन एका साइटवर फॉर्म भरला तर लगेच एकामागोमाग एक फोन सुरू. त्यातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून सगळं सामान बघितलं आणि २६,००० सांगितले, पॅकिंग, हमाली, टोल सगळं धरून, घरात सामान लावून देईपर्यंत. वर ४,५०० ट्रान्झिट इन्शुरन्सचे, म्हणजे सामानाची किंमत दीड लाख धरून तीन टक्के. ५,००० अ‍ॅडव्हान्स, गाडी भरल्यावर १५,००० आणि उरलेले १०,५०० सामान पोचल्यावर. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून आलंय, चॅट माझ्याकडे आहे.

पॅकिंगला पोरं आली ती दुपार कलल्यावर आणि नुसती घाई. आजोबांनी गिरगावात चाळीत राहत असताना बनवून घेतलेलं सागवानी कपाट आहे, दाराला आरसा असलेलं. त्याला यांनी बबल रॅपचा एक पदर गुंडाळला आणि टेप थेट लाकडावर चिकटवली. आई सांगत होती की बाबांनो आधी चादर घाला, गोधडी देते, कोणी ऐकलं नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचेल असं सांगितलं होतं, त्यानंतर रोज उद्या उद्या, आणि आईबाबा इकडे रिकाम्या घरात चटईवर. शेवटी आठवडा संपता संपता संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला की ओणीला हायवेवर उभा आहे, आधी १४,००० जादा द्या मग गाडी खोलतो. कशाचे विचारलं तर ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), घाटाची एन्ट्री, पावसाचे दिवस, मध्ये गाडी बदलावी लागली. आणि मोठी गाडी वाडीत येणार नाही हे वेगळंच. कंपनीला फोन केला तर ते म्हणाले ड्रायव्हरशी बोलून घ्या. अंधार पडलेला, पाऊस धो धो, बाबा सत्तरीचे. घासाघीस करून ९,००० वर आलं, ते अधिक बाकीचे १०,५०० बाबांनी तिथेच ड्रायव्हरच्या नंबरवर यूपीआय केले. मग गावातला पिकअप आणि दोन गडी बोलावले, त्यांचे ३,५०० वेगळे. भर पावसात हायवेच्या कडेला सामान इकडून तिकडे, आणि त्या गडबडीत ड्रायव्हरने बाबांची 'माल बरोबर मिळाला' वर सही घेतली आणि निघून गेला.

घरी आणून उघडलं तर कपाटाचा मागचा पाय बुडातून निघालाय, खिळ्यासकट लाकूड फाटलंय. आरसा खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडकलाय कारण दोरी थेट आरशावरून आवळली होती, आणि टेप सोडवली तर तिच्याबरोबर पॉलिशचे पट्टेच्या पट्टे निघून आले. वॉशिंग मशीन चालू केली की अख्खी घरभर चालते. आणि एक खोका आलाच नाही. त्यात आईच्या शिलाई मशीनचा वरचा भाग, तांब्याचं घंगाळ आणि पितळेचे डबे होते. आईने प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहिलं होतं, हा 'स्वयंपाक ७', आणि गाडी भरायच्या आधी पॅसेजमध्ये रचलेल्या खोक्यांचा फोटो आहे त्यात तो स्पष्ट दिसतोय.

आता कंपनीवाला फोन उचलत नाही. एकदाच उचलला तेव्हा म्हणाला सही झालीय, शिवाय बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या पावतीवर, ओनर्स रिस्क (जोखीम मालाच्या मालकाची) लिहिलंय, वाचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'सर्व वाद ठाणे न्यायालयाच्या कक्षेत' असंही छापलंय. इन्शुरन्सचा एकही कागद दिलेला नाही. आई शिलाई मशीनसाठी रोज हळहळते, त्या मशीनवर तिने आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं केली. खरंच काही होऊ शकतं का? की ठाण्याला खेपा घालायच्या?

मारुतीमंदिर_नाका

ताई, होऊ शकतं आणि ठाण्याला जायची गरज नाही. मी वकील नाही, पण माझ्या बहिणीचं सामान नाशिकहून रत्नागिरीला येताना असाच प्रकार झाला होता आणि तिची तक्रार मीच लिहिली, मीच उभा राहिलो, नुकसानीची रक्कम आणि वर खर्चाचे पैसे मिळाले. म्हणून जे माहीत आहे ते सगळं लिहितो.

आधी त्या छापील ओळीचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आधीच्या कायद्यात कंपनी जिथे आहे किंवा घटना जिथे घडली तिकडे जावं लागायचं, हा फार मोठा बदल आहे आणि आपल्या कोकणातल्या माणसाला तर सगळ्यात जास्त उपयोगाचा, कारण सगळ्या कंपन्या मुंबई-पुण्याच्या आणि आपण इथे. बाबा आता राजापुरात राहतात ना, मग रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. पावतीमागे काहीही छापलेलं असलं तरी कायद्याने दिलेला हक्क जात नाही.

पण त्याच्याही आधी एक काम तातडीने करा, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. मालवाहतुकीसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे, कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट. त्यात म्हटलंय की माल हरवला किंवा खराब झाला तर दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली पाहिजे, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. सामान मिळाल्यापासून नव्हे, बुकिंगपासून. ग्राहक आयोगात दोन वर्षं मुदत असते म्हणून लोक निवांत राहतात आणि समोरचा वकील हा मुद्दा काढतो. तेव्हा नोटीस आजउद्यातच पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण. साध्या मराठीत लिहिलीत तरी चालेल. बिल्टी नंबर, तारीख, काय ठरलं होतं, काय मोडलं, काय आलं नाही, जादा किती घेतले, एकूण किती मागताय आणि किती दिवसांत. रागाचे शब्द नकोत, आकडे पाहिजेत.

ओनर्स रिस्कला घाबरू नका. मालवाहतूकदाराच्या बाबतीत हरवलं-मोडलं की ग्राहकाने हलगर्जीपणा सिद्ध करत बसायची गरज नसते, आमचा हलगर्जीपणा नव्हता हे त्याने दाखवायचं. ओनर्स रिस्क लिहिलेलं असलं तरी हलगर्जीपणाची जबाबदारी सुटत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. फक्त एक लक्षात ठेवा की कॅरेज बाय रोड कायद्याच्या २०११ च्या नियमांत भरपाईला मर्यादा आहे, वाहतूकदाराला जास्त जोखमीचा जादा दर द्यायचं ठरवलेलं नसेल तर भाड्याच्या दहा पटीपर्यंत, आणि मालाची जी किंमत लिहून दिली असेल तिच्या वर नाही. तुमच्या बाबतीत भाडं २६,००० आणि लिहून दिलेली किंमत दीड लाख, म्हणजे तुमचं नुकसान आरामात आत बसतं.

सहीचं म्हणाल तर ती त्यांच्या बाजूचा पुरावा आहे हे खरं, पण अंधारात, पावसात, हायवेवर, खोके न उघडता घेतलेली सही आहे आणि माल दुसऱ्या गाडीत चढत होता. तुमचा पिकअपवाला साक्षीदार आहे. त्याच्याकडून आत्ताच एका कागदावर लिहून घ्या की अमुक तारखेला ओणीला मी एवढे नग उचलले आणि कपाटाचा पाय तेव्हाच तुटलेला होता. सगळ्यांच्या लक्षात आहे तोवर.

इन्शुरन्सचा मुद्दा मला सगळ्यात भक्कम वाटतो. ४,५०० घेतले तर विमा कंपनीची पॉलिसी किंवा सर्टिफिकेट नंबरसकट द्यायला पाहिजे होतं. नोटिशीत पहिलं वाक्य तेच घाला, पॉलिसीची प्रत द्या. बहुतेक वेळा पॉलिसी काढलेलीच नसते, पैसे खिशात. तसं निघालं तर ती नुसती त्रुटी नाही, अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि आयोग त्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

नोटिशीबरोबरच १९१५ वर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. काही कंपन्या तिथूनच लाइनवर येतात. नाही आली तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. तुम्ही दिलेलं भाडं पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य आहे, वकील लावायची सक्ती नाही आणि व्हिडिओ कॉलवर सुनावणीची मागणी करता येते. वेळ लागतो हे मात्र धरून चला.

पिकअपवाला_कुडाळ

ताईनू, मी कुडाळचो, माझो स्वतःचो टेम्पो आसा, कितीतरी वर्सां ह्याच लायनीत. वाचून लय वायट वाटला. आता सगळ्यांका समजाचा म्हणान साध्या मराठीत लिवतंय.

नक्की काय झालं असणार ते सांगतो. तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याची स्वतःची गाडी नसते, बऱ्याच जणांचं ऑफिसही नसतं. फॉर्म भरलात की तुमचा नंबर विकला जातो, त्यातला जो कमी बोलतो त्याला काम मिळतं. मग तो छोटी गाडी लावून घरून माल उचलतो आणि कळंबोली नाहीतर भिवंडीला गोडाऊनमध्ये उतरवतो. तिथे कोकणात उतरणारं अजून कोणाचं सामान मिळेपर्यंत तुमचं पडून राहतं, याला पार्ट लोड म्हणतात. मग मोठ्या गाडीत दोनतीन घरांचं एकत्र चढतं. प्रत्येक वेळी उतरवाचढवी, आणि सामान मोडतं ते रस्त्यात नाही, या उतरवाचढवीत मोडतं. खोका पण तिथेच राहतो किंवा दुसऱ्याच्या घरी उतरतो. तेव्हा 'स्वयंपाक ७' चोरीलाच गेला असं धरून बसू नका. त्याच गाडीत अजून कोणाचं सामान होतं आणि कुठे उतरलं हे नोटिशीत विचारा. माझ्या डोळ्यादेखत असे खोके कणकवलीला सापडलेत जे लांज्याला जायचे होते.

बुक करताना एकच प्रश्न विचारायचा, फुल गाडी की पार्ट लोड, आणि गाडी मध्ये बदलणार का. फुल गाडी महाग पडते पण डोंबिवलीला कडी लागली की दारातच उघडते. पार्ट लोड वाईटच असतं असं नाही, पण मग तारीख पक्की नसते हे त्याने आधी सांगायला पाहिजे.

दुसरं, ते ई-वे बिल. साफ खोटं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, जीएसटीच्या नियमात सरळ सूट आहे. घाटाची एन्ट्री म्हणून काही नसतं. जकात तर मुंबईत सुद्धा १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. हे पैसे ड्रायव्हर का मागतो? कारण दलालाने त्याला भाडं पूर्ण दिलेलं नसतं, सांगितलेलं असतं की पार्टीकडून वसूल कर. ड्रायव्हरला पण घर आहे, पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला पावसात हायवेवर उभा करायचा? आमच्या धंद्याचं नाव अशाने जातं आणि मग गिऱ्हाईक प्रामाणिक माणसाकडे पण संशयाने बघतं.

जादा पैसे रास्त कधी असतात ते पण सांगतो. आपल्याकडे घरं पाखाडीच्या वर, साकवाच्या पलीकडे, चिऱ्याच्या दोन गडग्यांमधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. आयशरसारखा ट्रक असेल तर मोठी गाडी तिथे जाणार नाही, जबरदस्तीने घातली तर पावसाळ्यात लाल मातीत रुतते आणि काढायला जेसीबी लागतो. तेव्हा शेवटच्या टप्प्याला छोटी गाडी आणि डोक्यावरून वाहायची हमाली ही खरीच लागते, पण ती आधी ठरते, हायवेवर नाही. मुंबईच्या माणसाला गावच्या वाटेचा व्हिडिओ पाठवा, हायवेपासून दारापर्यंत, आणि लिहून घ्या की गाडी कुठपर्यंत येणार आणि पुढचं कोण करणार.

आणि वॉशिंग मशीन फ्रंट लोड आहे ना? तिच्या मागच्या बाजूने ड्रम जखडायचे बोल्ट असतात, नवीन घेतल्यावर टेक्निशियन काढून हातात देतो. हलवताना ते परत लावायचे असतात. न लावता नेली की ड्रम आपटून आपटून सस्पेन्शन जातं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा आणि त्याच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या की वाहतुकीत बिघडली. तोपर्यंत चालवू नका, अजून बिघडेल.

आंबोलीचं_धुकं

कोंडवाडीच्या ताई, तुमच्या बाबांवर जी वेळ आली तीच माझ्यावर आली होती, पुण्याहून सावंतवाडीला येताना. गाडी बांद्याच्या बाजूला नेऊन उभी केली आणि पैसे टाका मग येतो. मी एकटी होते, लहान मूल होतं, दूध गरम करायचं पातेलं सुद्धा त्या गाडीत. मी ११२ लावला. तिकडून पोलीस ठाण्यात जोडून दिलं, आधी म्हणाले मॅडम हा पैशाचा वाद आहे, दिवाणी मामला आहे. मी म्हटलं वाद असेल तर मी उद्या कोर्टात भांडेन, पण माझं सामान ताब्यात ठेवून ठरल्यापेक्षा जादा पैसे मागतायत, त्याची तक्रार घ्या. ठरलेल्या रेटचा मेसेज दाखवला. हवालदार साहेबांनी ड्रायव्हरच्याच फोनवरून मालकाला फोन लावला आणि दहा मिनिटांत गाडी हलली.

विश्वासाने सोपवलेला माल वाहतूकदाराने हडपला तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी वेगळं कलमच आहे, ३१६ (३), सात वर्षांपर्यंत शिक्षा. तुमचा खोका त्यांनी मुद्दाम दाबून ठेवलाय असं दिसलं तर लेखी तक्रार राजापूर पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. एफआयआर होईलच असं नाही, पण तो पोचेचा शिक्का मालकाला व्हॉट्सअ‍ॅप केलात की फोन उचलायला लागतो हे मी अनुभवाने सांगते.

आणि बाबांना कृपा करून कोणी 'पैसे का दिलेत' असं म्हणू नका. त्या प्रसंगात माणूस काय करणार, घरात बायको वाट बघतेय, सगळा संसार त्या गाडीत. ते पैसे दबावाखाली दिलेत हे आता तुम्ही लेखी मेसेज करून ठेवा म्हणजे झालं.

मुंबईकर_मूळचा_गुहागर

माझं स्पष्ट मत, या कंपन्यांच्या नादी लागूच नये. आमच्या गावचा टेम्पोवाला आंबे घेऊन वाशी मार्केटला जातो आणि येताना रिकामा येतो, त्याला सांगितलं की निम्म्या भाड्यात सामान दारात. माणूस ओळखीचा, चार घरं सोडून राहतो, तो कुठे पळणार? माझं, माझ्या भावाचं, दोघांचं असंच आणलं. पॅकिंग आपण स्वतः करायचं, जुन्या साड्या आणि गोधड्यांसारखं दुसरं पॅकिंग नाही. बिल्टी, नोटीस, आयोग हे सगळं करत बसण्यापेक्षा ओळखीचा माणूस बरा.

पिकअपवाला_कुडाळ

दादा, मी स्वतः असाच टेम्पोवाला असून सांगतो, अर्धं पटतं अर्धं नाही. ओळखीचा माणूस जपून आणेल हे शंभर टक्के. पण उद्या कशेडी घाटात गाडी उलटली तर? ओळखीच्या माणसाकडे ना बिल्टी ना विमा, तुम्ही त्याच्याकडे भरपाई कशी मागणार, शेजारी म्हणून गप्प बसाल आणि नुकसान दोघांचं. शिवाय आंब्याचा सीझन एप्रिल-मे, तेव्हा परतीची गाडी मिळते, पावसाळ्यात कुठून आणणार. आणि उघड्या टेम्पोला ताडपत्री कितीही आवळा, आपल्या पावसात गादीच्या कोपऱ्यातून पाणी शिरतंच. जूननंतर बंद बॉडीची गाडीच घ्यावी, आणि गाद्या, पुस्तकं, फोटो आधी प्लास्टिकच्या जाड पिशवीत मग खोक्यात. मी हल्ली साधा कागद करतो, नगांची यादी, भाडं, तारीख, दोघांच्या सह्या. ओळखीच्या माणसाने पण कागद मागितला तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

गणपतीच्या आसपास तर कोणी शिफ्टिंग ठरवूच नका, त्या दिवसांत हायवेवर अवजड वाहनांना बंदी असते, गडी मिळत नाहीत आणि भाडं दुप्पट.

कोंडवाडीची_लेक

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप खूप धन्यवाद. बाबांना सगळं वाचून दाखवलं, आंबोलीच्या ताईंचं वाचल्यावर ते पहिल्यांदा या विषयावर नीट बोलले, नाहीतर नुसते गप्प होते.

झालं ते सांगते. त्या दिवशीच्या गावातल्या पिकअपवाल्याने लगेच लिहून दिलं, त्याने नग मोजले होते ते पण लिहिलं. वॉशिंग मशीनचा टेक्निशियन रत्नागिरीहून येणार आहे. कपाटासाठी गावातल्या सुताराला दाखवलं, तो म्हणाला पाय नवीन बसेल, सागवान मिळेल पण जुन्या पॉलिशचा रंग जुळवणं कठीण, त्याच्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतला. नोटीस लिहायला बसलो तर नवीनच प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन एका नावाने, बिल्टीवर दुसरंच नाव, आणि बाबांनी पैसे दिले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेत. नोटीस पाठवायची कोणाला? आणि बाबांचं आधार अजून डोंबिवलीच्या पत्त्याचं आहे, मग आयोग म्हणेल का की तुम्ही राजापूरचे कशावरून?

मारुतीमंदिर_नाका

नोटीस तिघांनाही. एकच मजकूर, वर तिघांची नावं, प्रत्येकाला वेगळं स्पीड पोस्ट. कोटेशनवाला, बिल्टीवाला आणि पैसे घेणारा. पुढे तक्रारीतही तिघांना पक्षकार करा, आपापसात काय व्यवहार होता ते त्यांनी आयोगाला सांगावं, आपण शोधत बसायचं नाही. बिल्टीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका, खरं कायदेशीर नाव आणि धंद्याचा पत्ता निघतो, लॉगिन लागत नाही. नंबरची सुरुवात २७ ने असेल तर महाराष्ट्रातलं रजिस्ट्रेशन. नंबर खोटा निघाला तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोही पुरावाच. यूपीआयच्या पावतीवर ज्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक आहे ती पीडीएफ डाउनलोड करून घ्या, अ‍ॅपमध्ये जुने व्यवहार नंतर शोधायला त्रास होतो. व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्सपोर्ट करा, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका, आणि ज्या फोनवर चॅट आहे तो फोन बदलू नका.

पत्त्यासाठी ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला घ्या, शिवाय घराची घरपट्टी बाबांच्या नावाने असेल तर ती पावती आणि लाइट बिल. आधारवरचा पत्ता पण आता बदलूनच टाका, पुढे रेशन, बँक सगळ्याला लागणारच आहे. तक्रार बाबांच्या नावाने करा कारण बिल्टी त्यांच्या नावावर असणार, तुम्ही अधिकारपत्र घेऊन त्यांच्या वतीने बोलू शकता.

आणि गूगलवर रिव्ह्यू लिहायचा मोह होईल. लिहा, जरूर लिहा, पुढचा माणूस वाचेल. फक्त घडलं तेवढंच लिहा, किती ठरले, किती घेतले, काय मोडलं. 'चोर', 'फ्रॉड' असे शब्द घातलेत तर ते उलट तुम्हालाच नोटीस पाठवतात.

आंबोलीचं_धुकं

ताई, शिलाई मशीनचं मॉडेल आणि नंबर कुठे लिहिलेला असेल तर शोधा, जुन्या मशीनच्या बुडाशी किंवा खांबाजवळ नंबर कोरलेला असतो आणि जुनी पावती किंवा कुठल्या तरी लग्नाच्या फोटोत मशीन दिसत असेल तर तो पण जोडा. जुन्या वस्तूंना ते भंगाराचा भाव लावतात. आईंनी त्यावर शिवणकाम करून कमावलंय ना, मग तेही लिहा.

कोंडवाडीची_लेक

नंबर सापडला! आईच्या डायरीत ब्लाउजच्या मापांच्या पानाआधी लिहून ठेवलाय, सर्व्हिसिंगच्या तारखांसकट. जीएसटी नंबर पण टाकून बघितला, खरा आहे, नाव वेगळंच निघालं, पत्ता भिवंडीचा. तिन्ही पाकिटं तयार आहेत, सकाळी ओणीला पोस्टात जातेय. पार्ट लोडमध्ये अजून कोणाचं सामान होतं आणि कुठे उतरलं हा प्रश्न कुडाळच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे घातलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन.